नवमीच्या पानावरची भेंडी

ओवी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात भेंडीची पिशवी होती. भेंडी तिने घरूनच चिरून आणली होती, आणि चिरल्यावर धुतली होती. पिशवीच्या तळातून तार लोंबत होती.

"बाई, हे असं काऊन झालं?"

"कारण तू आधी चिरलीस आणि मग धुतलीस. भेंडी आधी धुवायची, मग कोरड्या फडक्याने एकेक पुसायची, मग चिरायची."

"एकेक?"

"एकेक."

"मंग तं सांजच होईन."

"होऊ दे. मला कुठे जायचंय?"

मी उंद्रीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गावातली पोरं अजून येतात. कुणाला भागाकार अडतो, कुणाला निबंध हवा असतो. ओवीला मी वर्गात शिकवलेलं नव्हतं. तिचा बाप हर्षल माझा विद्यार्थी. ओवी पाचवीत होती, अंगाने बारीक, बोलायला धीट. तिची आई संजीवनी गेल्या वर्षी आषाढात गेली. तापाचं निमित्त झालं. चिखलीला नेलं, तिथून बुलढाण्याला नेलं, आणि पाचव्या दिवशी घरी आणलं ते तसंच.

त्या दिवशी पायरीवर बसून भेंडी निथळत ठेवताना ओवीने मला सगळं नीट सांगितलं. जणू अर्जच वाचून दाखवत होती.

"आता पित्तरं येतीन. नवमीले आईचं पान निघन. आजी म्हने का मेलेल्या मानसाले जे आवडे ते पानावर पायजे, नाई तं ते उपाशी वापस जाते. आईले तिच्याच हातची भेंडी आवडे. दुसऱ्या कोनाची नाई खाये ते. तं ते भेंडी मले आली पायजे."

"आजी करेल ना. नाहीतर आत्या."

"त्याइले नाई येत. आई वेगळी करे." मग म्हणाली, "अन् पुढच्या साली मले करू नाई देतीन. नवी आई येईन, मंग तेच करीन."

हे मला ठाऊक होतं. हर्षलचं दुसरं लग्न ठरलं होतं. मुलगी शांत होती, सुचिता नावाची, आणि तुळशीचं लग्न लागलं की त्यांचं लागणार होतं. तरुण माणूस, घरात म्हातारी आई आणि लहान मुलगी; कुणी नावं ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की पहिलीचं पान दुसरीने वाढायचं. स्वतः रांधायचं, स्वतः वाढायचं, म्हणजे पहिलीचा जीव निवतो आणि ती दुसरीच्या संसारात आडवी येत नाही. एकदा सुचिता घरात आली की नवमीच्या चुलीशी दुसरं कुणी बसणार नव्हतं.

म्हणजे ओवीच्या हातात हे एकच वर्ष होतं. आणि नवमीच्या आधी पाच रविवार.

"बरं," मी म्हणाले, "आईची भेंडी कशी होती ते सांग."

"चांगली होती."

"चांगली म्हणजे?"

तिने डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. मग म्हणाली, "सांगता नाई येत, बाई. पन खाल्ली का समजन."

मी संजीवनीच्या हातचं कधी जेवले नव्हते. हर्षलला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, भेंडी म्हंजे भेंडी. चांगली करे ते. आता काय काय टाके ते म्या कधी पाह्यलं?" संजीवनीचं माहेर पिंपळगाव राजा. तिच्या आईला मी फोन लावला. त्या बिचाऱ्या फोनवर रडल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरी भेंडी ताकातली असते, बाई. पोरगी तिकडं काय शिकली ते मले नाई माहीत." अन्नपूर्णाबाई, म्हणजे ओवीची आजी, म्हणाल्या, "मले दात नाईत, मी कवाच भेंडी सोडली." चवीचा एकच साक्षीदार उरला होता, आणि तो दहा वर्षांचा होता.

ज्याचं उत्तर मला माहीत नाही असं गणित मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं. पण मला वाटलं, चूक-दुरुस्ती करत गेलं की मूल शेवटी बरोबर उत्तरापाशी येतं. आयुष्यभर तेच तर केलं.

पहिल्या रविवारी आम्ही साधी भेंडी केली. पातळ चकत्या, कांदा, हळद, तिखट. मी तिला शिकवलं की झाकण ठेवायचं नाही, झाकलं की वाफेने ती चिकटते. मीठ शेवटी घालायचं, आधी घातलं की पाणी सुटतं. हलवायची ती उलथन्याच्या कडेने, आणि सारखी नाही. आणि शेवटचं मी सगळ्याच पोरांना सांगते ते सांगितलं, "चाखल्याशिवाय पानात वाढायचं नाही. आपल्या जिभेला जे पटलं नाही ते दुसऱ्याच्या पुढे ठेवायचं नाही." कसं चाखायचं तेही दाखवलं. चमच्याने थोडंसं डाव्या तळहातावर घ्यायचं, फुंकर घालायची, मग तोंडात टाकायचं. म्हणजे चमचा उष्टा होत नाही.

तिने तळहातावर घेतलं, फुंकलं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. मी वाट पाहिली.

"ही भेंडी हाये," ती म्हणाली. "आईची नाई."

दुसऱ्या रविवारी ताकातली केली. बेसन लावलेलं आंबट ताक, त्यात परतलेली भेंडी, वरून मिरचीची फोडणी. ओवीने दोनदा वाढून घेतली आणि मान हलवली. "लई चांगली हाये. पन ही आजीकडची, पिंपळगावची."

तिसऱ्या रविवारी भरली भेंडी. कोवळ्या भेंड्या उभ्या चिरून त्यात दाण्याचा कूट, तीळ, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ. तिने पहिल्यांदा स्वतः भरल्या. अर्धा कूट भेंडीत, अर्धा फ्रॉकवर. चाखून डोळे मिटून बसली आणि एकदम म्हणाली, "बाई, लांबी अशीच होती! आई उभीच चिरे. पन आतमंदी काई भरे नाई. वरतून टाके. काळं काळं काईतरी."

मला त्या दिवशी जो आनंद झाला, तो वर्गातलं सगळ्यात मागचं पोर पहिल्यांदा पुस्तक वाचतं तेव्हा होतो तसा होता. मी लगेच तीन डबे काढले. तीळ, कारळं, जवस. तिन्ही वेगवेगळे भाजले, कुटले, तीन वाट्यांत ठेवले. ओवीच्या डोळ्यांवर पदर बांधला.

"हे?"

"हे तं तीळ. संक्रांतीचे."

"हे?"

"हे... कडू हाये. नाई."

"आणि हे?"

पदराखालून पाणी आलं. मी पदर सोडला तर ती हसत होती, आणि डोळे वाहत होते. "हे. हेच. आईच्या हाताले हाच वास ये."

जवस. आमच्याकडे घरोघरी जवसाची चटणी असते, पण भेंडीवर जवस मी ऐकलं नव्हतं. कारण सरळ आहे, भेंडी चिकट आणि जवसही ओला झाला की चिकट. आम्ही त्याच दिवशी करून पाहिली. घाईघाईत भेंडी शिजत असतानाच कूट घातला, वर पाण्याचा हबका मारला, आणि कढईत लगदा झाला.

ओवीने उलथनं उचललं, तर भाजी उलथन्याबरोबर वर आली. "बाई, हिनं तं वह्याइले कव्हर चिटकन."

"चिकटेल. बांगडीचा तुकडासुद्धा चिकटेल."

"मास्तरइले देऊन येऊ का? खुर्चीले लावाले?"

त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो. संजीवनी गेल्यापासून त्या पोरीला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिच्या घरचं कुणी ऐकलं असतं तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

चौथ्या रविवारी युक्ती सापडली. भेंडी उभी चिरून लोखंडी तव्यावर, जरा जास्त तेलावर, कडा काळपट होईपर्यंत परतायची. लसूण ठेचून घालायचा. आणि गॅस बंद करून, तवा खाली उतरवून, मग भरडलेला जवस आणि लाल मिरची वरून भुरभुरायची. एक चमचा भरून. भेंडी कुरकुरीत राहिली, जवस दाताखाली आला.

ओवीने चाखली. डोळे मिटले. या वेळी फार वेळ लागला नाही.

"हेच हाये, बाई. आईची."

संध्याकाळी मी तिच्यासोबत तिच्या घरी गेले. पोरीने नवमीला चुलीशी बसायचं तर आजीची परवानगी हवी. अन्नपूर्णाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"या बाई. पोरीले सैपाक शिकोता म्हने. हर्षलले तुमी तीन वर्ष पाढे शिकोले, तो अजून तेराचा चुकते."

"त्याचं लक्ष नव्हतं. हिचं आहे."

"हाव, हिचं लई हाये." त्यांनी नातीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "करू द्या. तिची आई हाये. पन कांदा-लसूण चालत नाई हं पित्तराले. न्हाऊन, केस बांधून बसाचं. अन् बाराच्या आत आगारी पडली पायजे."

आगारी म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि पानातला घास टाकायचा. धूर वर गेला की गेलेल्याला पोचलं, असं आम्ही मानतो.

परत येताना ओवी रस्त्यात थांबली. "बाई, लसूण नसन तं आई वळखन का?"

पाचवा रविवार त्यात गेला. लसणाऐवजी हिंग, मग हिंग जास्त, मग हिंग आणि जिरं. चार वेळा केली, चार वेळा तिने चाखली. शेवटच्या खेपेला तिने डोळे मिटलेच नाहीत. तळहातावर घेतलं, फुंकलं, तोंडात टाकलं आणि लगेच म्हणाली, "जमलं. मागच्या रविवारसारखीच हाये." मला वाटलं, पोरीला आता आत्मविश्वास आला.

लसणाची आठवण आजीने करून दिली, ती मी लक्षात ठेवली. दुसरी एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे, माझ्या आईने मला चिमटा काढून शिकवली होती, आणि मी स्वतः चाळीस वर्षं ती पाळत आले आहे. पित्तराचा स्वयंपाक चाखायचा नसतो. गेलेल्याच्या आधी कुणाच्या जिभेला तो लागायचा नाही. मीठ अंदाजाने घालायचं, कमी-जास्त झालं तर झालं. हे ओवीला सांगायचं मला सुचलंच नाही. पाच रविवार मी तिला उलटंच शिकवत होते.

नवमीला सकाळी अकराच्या सुमारास मी त्यांच्या घरी पोचले. ओवीचे केस ओले होते आणि आजीने ते घट्ट बांधले होते. चुलीशी पुष्पाबाई, हर्षलची मोठी बहीण, वडे तळत होत्या. खीर झाली होती, कढी उकळत होती. गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, गवार आणि भेंडी मिसळून केलेली पित्तराची नेहमीची भाजी, सगळं झाकून ठेवलेलं होतं. ओवीसाठी कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि तवा वेगळा दिला होता.

"आमची मास्तरीण आली," पुष्पाबाई म्हणाल्या. "चाल व ओवे, दाखो तुही परीक्षा."

ओवी थेट शेगडीशी बसली. तिने भेंडी रात्रीच धुऊन पुसून ठेवली होती. एकेक उभी चिरली. तेल घातलं, हिंग, जिरं, भेंडी. उलथन्याच्या कडेने हलवली. झाकण ठेवलं नाही. कडा काळ्या झाल्या तसं मीठ घातलं, गॅस बंद केला, तवा खाली उतरवला, जवस भुरभुरला. शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे वर्ग उभा केल्यासारखी मी दारात उभी होते. एकही चूक झाली नव्हती.

मग तिने चमच्याने थोडंसं डाव्या तळहातावर घेतलं.

मी पाहिलं. तोंडातून शब्द निघायच्या आत तिने फुंकर घातली आणि खाल्लं. मग माझ्याकडे वळून मान हलवली, हसली. झाली, बाई.

मी हसले. दुसरं काय करणार होते? कुणी पाहिलं नव्हतं. पुष्पाबाईंची पाठ होती, अन्नपूर्णाबाई अंगणात निखारे पाहत होत्या. मी मनात म्हटलं, पोरीने आईसाठी चाखलं. आईला मुलीचं उष्टं कधी लागलं आहे का? लहानपणी तिच्या ताटातलं उरलेलं कोण खात होतं?

अन्नपूर्णाबाई पान घेऊन आत आल्या. केळीचं पान, पाण्याने पुसलेलं. खीर वाढली, वडे वाढले, कढीची वाटी ठेवली. मग ओवीच्या तव्याकडे वळल्या. "दे माय. मीठ अंदाजानं टाकलं ना? चाखली तं नाई?"

ओवीचा चेहरा बदलला. तिला कळलं की काहीतरी आहे. काय ते कळलं नाही. ती म्हणाली, "नाई."

"मंग हाताले काय लागलं व तुया?" पुष्पाबाई वळून पाहत होत्या. ओवीने डावा हात पाठीमागे नेला. तळहातावर तेल होतं आणि जवसाचे चार दाणे.

"सांडलं," ओवी म्हणाली.

अन्नपूर्णाबाई रागावल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी इथंच उभ्या होत्या. तुमी सांगा. चाखली का पोरीनं?"

ओवी माझ्याकडे पाहत होती.

'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. मी तो म्हणणार होते. पण मी आयुष्यात कुठलंही उत्तर पटकन दिलेलं नाही. पोरांना सांगते ना, आधी विचार, मग उत्तर. मी श्वास घेतला, एवढंच. तेवढ्यात सगळ्यांना कळलं.

"जाऊ द्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी तवा उचलून बाजूला ठेवला आणि त्यावर ताटली झाकली. "लेकराले काय समजते."

"आजी, आईले चालन! मी पुन्हा करू का? मी लवकर करीन, आजी!"

"कायची करशीन? भेंडी हाये का आता?"

भेंडी नव्हती. पुष्पाबाईंनी टोपली हलवून दाखवली. त्यात दोन जून भेंड्या होत्या, बोटाने मोडणार नाहीत अशा. हर्षल दारात आला. ओवी म्हणाली, "पप्पा, गाडीवर जाऊन आना ना!" त्याने घड्याळ पाहिलं. पावणेबारा झाले होते. उंद्रीचा बाजार त्या दिवशी नव्हता, चिखलीला जाऊन येईतो तास-सव्वा तास.

"बारा वाजून जाईन," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "वेळ टळली का पान वाया जाते. मंग तिले काईच नाई भेटन." त्यांनी गवार-भेंडीचं भांडं ओढलं आणि चमचाभर भाजी पानावर घातली. "घ्या. हिच्यातई भेंडी हायेच. भेंडी पानावर असली म्हंजे झालं."

"हे आईची नाई," ओवी म्हणाली.

"ओवी, उलीसं समजून घे माय. जे आपन खाल्लं ते तिच्या पुढं कसं ठेवाचं? जितेपनी तरी तिनं कोनाचं उष्टं खाल्लं का?"

"माह्यं खाये," ओवी म्हणाली. "माह्यं खाये ते रोज."

अन्नपूर्णाबाईंनी एकदा झाकलेल्या तव्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाची सून असती तर त्यांनी कदाचित ठेवूनही दिलं असतं. पण घरातून तरणीताठी सून गेलेली, पोराचं दुसरं लग्न दोन महिन्यांवर. त्या म्हातारीला भीती वाटत होती. रीतीत कणभर चूक राहिली आणि पुढे काही झालं तर? त्यांनी पान उचललं आणि अंगणात नेलं.

हर्षलने निखाऱ्यावर तूप सोडलं, एकेक घास टाकला. खीर, वडा, कढी, गवार-भेंडी. धूर सरळ वर गेला. पुष्पाबाई म्हणाल्या, "पाय, कसा सरका गेला. पोचलं." ओवी अंगणात आली नाही. ती तव्याशी बसून राहिली, डावी मूठ आवळून.

नवमीसाठी बोलावलेली सवाष्ण जेवल्यानंतर घरातली माणसं जेवायला बसली. अन्नपूर्णाबाईंनी मुद्दाम ओवीची भेंडी हर्षलच्या ताटात वाढली. "खा, लेकीनं केली हाये." मी ओवीकडे पाहिलं. तिने मान वर केली होती. माझ्या लक्षात आलं, तिला अजून एक आशा होती. आईपर्यंत नाही गेली, निदान एका माणसाने तरी ती ओळखावी.

हर्षलने पोळीत धरून खाल्ली. चावली. दुसरा घास घेतला.

"लय भारी झाली," तो म्हणाला. "जवस टाकला का? नवीनच काईतरी. बाईनं शिकोलं?"

त्याचा दोष नव्हता. तो बायकोच्या हातचं बारा वर्षं जेवला होता, आणि जेवताना सगळीच माणसं जेवतात तसा दुसराच काही विचार करत जेवला होता. ओवीने मान खाली घातली. ताटात भेंडी वाढून घेतली नाही.

नंतरचे तीन रविवार ती आली नाही. शाळेच्या वाटेवर दिसायची, मी हाक मारली तर थांबायची, आणि "अभ्यास हाये, बाई" म्हणून पुढे जायची. नवरात्र संपलं. मग एके दिवशी मीच चिखलीच्या बाजारातून कोवळी भेंडी आणली आणि हर्षलला निरोप दिला, तिला पाठव म्हणून.

ती आली. मी तिला ओट्यावर बसवलं. जे सांगायचं ते मी आठवडाभर घोळून ठेवलं होतं.

"ओवी, चूक माझी होती. चाखायचं नसतं हे मी तुला सांगायला हवं होतं. आज आपण परत करू. न चाखता करू. माझ्या अंगणात गोवरी पेटवू आणि आईला घास टाकू. नवमीच पाहिजे असं काही नाही. आईला भूक काय एकाच दिवशी लागते?"

हे शेवटचं खरं की खोटं ते मला माहीत नाही. पण ती उठली. भेंडी धुतली. एकेक पुसली. उभी चिरली. तवा तापवला. मी मुद्दाम दूर बसून राहिले. तेल, हिंग, जिरं, भेंडी. कडा काळ्या झाल्या. मीठ. गॅस बंद. तवा खाली.

जवसाचा डबा हातात घेऊन ती थांबली.

"किती टाकू?"

"तुला माहीत आहे की. आपण टाकत होतो तेवढा, चमचा भरून."

"ते आपलं माप हाये. आई किती टाके?"

"तूच ठरवलं होतंस ना? चाखून म्हणाली होतीस, हेच म्हणून."

ती डबा धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, मले आईची कशी लागे ते आता नाई आठवत. आठवाले गेलं का आपलीच आठवते. तोंडात तेच येते. लसणाची, मंग हिंगाची, मंग ते चिकट झाल्ती ते. आईची पयले होती. आता नाई."

"केव्हापासून?"

"नाई माहीत. पाह्यलंच नाई मी."

मला तो पाचवा रविवार आठवला. चार वेळा केलेली भाजी आणि उघडे डोळे. मूल एकच चित्र पुन्हापुन्हा गिरवतं तेव्हा मूळ रेघ पेन्सिलीखाली पुसट होत जाते; हे मी हजार पाट्यांवर पाहिलेलं आहे. तिच्या आईची एकच पाटी शिल्लक होती, आणि ती मी तिच्याकडून गिरवून घेतली होती.

"आठवेल," मी म्हणाले. "थोडे दिवस गेले की आपोआप आठवेल."

तिने जवस भुरभुरला, चमचा भरून. गोवरी मी पेटवली होती, अंगणात निखारे झाले होते. पण ती अंगणात गेली नाही. तव्यापाशी मांडी घालून बसली, आणि एक फोड उचलून तोंडात टाकली. मी अडवलं नाही. तिने डोळे मिटले. चावली, गिळली. दुसरी घेतली. मग तिसरी. घाईने नाही, भुकेनेही नाही. एकेक फोड जिभेवर बराच वेळ ठेवत होती, जसं कुणी अंधारात हात फिरवून वस्तू शोधतं तसं. मधेच कपाळाला आठी पडायची, थांबायची, मला वाटायचं आता. आणि आठी जायची, आणि ती पुढची फोड घ्यायची.

तवा रिकामा झाला तेव्हा तिने डोळे उघडले.

"नाई येत, बाई," ती म्हणाली.

मी उठले आणि तिच्या हातावर पाणी घातलं.